नेम, नेमणूक आणि साक्ष



मराठीचा प्राध्यापक व्याख्यानाला उभा राहिला की संत, पंत आणि तंत यांपैकी कोणा एकावर तो बोलणार, असे आपण गृहीत धरून आला असाल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात त्यांनाही ते आवडले असते. तरीही आज मी संगणकाविषयी बोलणार आहे. आणि संगणकाविषयी म्हणजे त्यातल्या एका अगदी लहान, कोनाड्यात बसलेल्या व्यवस्थेविषयी. युनिक्स आणि तिच्या कुळातल्या संगणकप्रणालींमध्ये या व्यवस्थेला ‘क्रॉन’ असे म्हणतात. ठरलेल्या वेळी ठरलेले काम, सांगणारा मनुष्य हजर नसताना, करून टाकणे एवढेच तिचे कर्तव्य. आपल्यासमोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींचा उदरनिर्वाह याच यंत्रांवर चालतो, त्यांना यंत्र शिकवण्याचा आव मी आणणार नाही. मला त्यात दिसली ती भाषा, आणि भाषेच्या आड दिसला तो एक जुना प्रश्न : जे काम आपल्या पश्चात व्हायचे, ते झाले की नाही हे पाहायचे कोणी?

प्रारंभ शब्दापासून करतो, कारण तोच माझा व्यवसाय. संस्कृतातल्या ‘नियम’ या शब्दापासून मराठीत ‘नेम’ आला. पण घरात आल्यावर या शब्दाने केवढा संसार मांडला पाहा! देवळात रोज जाण्याचा नेम असतो. बंदुकीचा नेम असतो, तो धरता येतो आणि चुकतोही. ‘पावसाचा काही नेम नाही’ म्हणताना नेम म्हणजे खात्री. नेमाने वागणारा तो नेमस्त. आणि राजकारणात मवाळांना हाच शब्द लागला. हे नेमस्त आणि जहाल १९०७ च्या डिसेंबरात एकमेकांपासून फुटले ते याच सुरतेत, आणि त्या सभेत व्यासपीठावर जोडा फेकला गेला, हे आपणांस सांगायला नको. जे चुकत नाही ते ‘नेमके’. आणि एखाद्याला काम लावून द्यायचे ती ‘नेमणूक’. पेशवाईच्या दप्तरात नेमणूक हा शब्द वार्षिक खर्चाच्या ठरावालाही येतो : अमुक खात्याला अमुक रक्कम नेमून दिली. म्हणजे व्रत, लक्ष्य, खात्री, अचूकपणा आणि सोपवलेले काम या पाचही गोष्टी आपल्या भाषेने एकाच धातूच्या घडवल्या. क्रॉनच्या यादीतली प्रत्येक ओळ ही या अर्थाने नेमणूक आहे, आणि म्हणून पुढे मी तोच शब्द वापरणार आहे.

आता ही यादी कशी असते ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेल लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ पासून युनिक्स उभारली. १९७९ साली बाहेर पडलेल्या तिच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन होते. पुढे १९८७ साली पॉल विक्सी या गृहस्थांनी ते नव्याने लिहिले, आणि पुष्कळ यंत्रांवर अद्याप त्याच घराण्याचे क्रॉन चालते. नाव ग्रीक भाषेतल्या काळवाचक ‘क्रोनोस’ शब्दावरून आले. हा कार्यक्रम यंत्र सुरू झाल्यापासून पार्श्वभूमीवर जागा असतो आणि दर मिनिटाला एकदा यादी पाहतो. या मिनिटाला कोणाची नेमणूक आहे काय? असेल तर काम सोडतो, नसेल तर पुन्हा मिनिटभर डोळे मिटतो. लग्नमंडपात घटकापात्रावर नजर ठेवून बसणारा ब्राह्मण मला यावरून आठवतो. वाटी बुडाली की चोवीस मिनिटांची एक घटका भरली. ती मोजायची, वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडायची. मांडवात कितीही गलबला असो, त्याने वाटीवरून नजर काढायची नाही.

नेमणुकीच्या ओळीत आधी पाच रकाने असतात : मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना आणि वार. त्यापुढे काम. यंत्राला हे आकडे इंग्रजीच लागतात, पण येथे मी ते आपल्या अंकांत सांगतो. ‘० २ * * *’ याचा अर्थ रोज रात्री दोन वाजता. चांदणी म्हणजे ‘प्रत्येक’, ‘वाटेल तो’. ‘३० ५ * * १’ म्हणजे दर सोमवारी पहाटे साडेपाच वाजता. रविवार शून्य, म्हणून सोमवार एक. इतके शब्दकंजूस वाक्य मी पाणिनीच्या सूत्रांनंतर क्वचितच पाहिले. कर्ता नाही, क्रियापदाचे रूप चालवणे नाही. काळ आणि कर्म एवढ्यावर आज्ञार्थ पुरा होतो.

पण सूत्र जितके लहान तितका भाष्याचा पसारा मोठा. येथे एक गंमत सांगतो, जी व्याकरण शिकवणाऱ्याला विशेष भावेल. समजा, तारखेच्या रकान्यात १३ लिहिले आणि वाराच्या रकान्यात शुक्रवार लिहिला. आपण म्हणू, तेरा तारीख असेल आणि शुक्रवारही असेल तेव्हाच काम व्हावे. रूढ क्रॉन तसे समजत नाही. ते प्रत्येक तेरा तारखेला काम करते आणि प्रत्येक शुक्रवारीही करते. इतर रकान्यांमध्ये ‘आणि’चे नाते आहे, तारीख आणि वार दोन्ही नेमून दिले, की त्या दोघांमध्ये मात्र ‘किंवा’ येऊन बसतो. आपल्याकडे याच्या अगदी उलट वहिवाट. संकष्टी चतुर्थी मंगळवारी आली तर ती अंगारकी. अमावास्या सोमवारी आली तर ती सोमवती. दोन अटी एकत्र जुळण्याची दुर्मीळता हेच त्या दिवसाचे माहात्म्य. अंगारकीचा उपास क्रॉनच्या स्वाधीन केला असता तर त्याने प्रत्येक चतुर्थीला आणि वर प्रत्येक मंगळवारी उपाशी ठेवले असते! (अर्थात तिथी त्याला कळतच नाही, ही निराळी गोष्ट.) एका उभयान्वयी अव्ययाची ही करामत आहे, आणि नवख्या माणसांची नेमणूक तिच्यामुळे भलत्या दिवशी चालते. जाणकार मग एकच रकाना क्रॉनकडे देतात आणि दुसरी अट कामाच्या पोटात तपासतात. महिन्याच्या अखेरच्या दिवशी काम करायचे असले तरी हाच उपाय, कारण अखेरचा दिवस कधी अठ्ठावीस, कधी एकतीस. अठ्ठावीस ते एकतीस या चारही तारखांना क्रॉनने उठवावे आणि उठलेल्या कामाने स्वतःला विचारावे : उद्या एक तारीख आहे काय? असेल तर पुढे जावे, नसेल तर मुकाट्याने परतावे.

तिथीचा विषय निघालाच आहे, तर त्याहून खोल एका साम्याकडे वळतो. आपल्या पंचांगात तिथीचा क्षय होतो आणि वृद्धीही होते. सूर्योदय न पाहताच एखादी तिथी संपते, तर एखादी दोन सूर्योदय पाहते. मग त्या तिथीला नेमलेले व्रत कोणत्या दिवशी करावे? कमलाकरभट्टांचा १६१२ सालचा निर्णयसिंधु आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांचा १७९० च्या सुमाराचा धर्मसिंधु या ग्रंथांचा फार मोठा भाग अशाच निर्णयांनी भरलेला आहे. तरुणपणी मला ही केवळ शब्दच्छल वाटणारी सामग्री वाटे. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना विचारा. तेथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोनवरून परत एकवर येते. म्हणजे वर्षातून एका तासाचा क्षय आणि एका तासाची वृद्धी. त्या क्षयाच्या रात्री अडीचला नेमलेले काम करायचे केव्हा, कारण अडीच वाजलेच नाहीत? आणि वृद्धीच्या रात्री दीड दोनदा वाजतो, तेव्हा दीडची वसुली दोनदा करायची काय? विक्सींच्या क्रॉनच्या पुढच्या आवृत्त्यांनी निर्णय दिला तो असा : लोपलेल्या तासातले काम लगेच नंतर करावे, दुबार आलेल्या तासातले पुन्हा करू नये. कमलाकरभट्टांना या निर्णयाचे नवल वाटले नसते.

भारतात आज घड्याळ पुढे-मागे होत नाही. महायुद्धात १९४२ ते १९४५ पर्यंत ते एक तास पुढे होते, आणि मुंबईने आपली स्थानिक वेळ प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे अशी १९५५ पर्यंत जपली होती. सुरत जवळजवळ मुंबईच्याच रेखांशावर असल्याने आपला सूर्यही तितकाच उशिरा माथ्यावर येतो. पण आपल्याला वेगळाच फेरा आहे. परदेशात ठेवलेली पुष्कळ यंत्रे ग्रिनिचच्या धर्तीची जागतिक वेळ पाळतात. तेथे रात्री दोनला नेमलेले काम आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होते, म्हणजे सकाळच्या सत्राची शाळा भरत असताना. युनिक्सचा काळच मुळी १ जानेवारी १९७० रोजी जागतिक वेळेच्या मध्यरात्री सुरू होतो. आपल्या घड्याळात त्या वेळी पहाटेचे साडेपाच वाजले होते.

दुसरा प्रश्न चुकलेल्या वेळेचा. नेमलेल्या मिनिटाला यंत्रच बंद असेल, वीज गेली असेल, तर साधे क्रॉन ते काम नंतर करत नाही. गेली वेळ ती गेली. धर्मशास्त्राने येथे मुख्यकाल आणि गौणकाल असा भेद केला आहे. संध्येची मुख्य वेळ टळली तर गौण वेळी ती करावी, पण टाकू नये. संगणकवाल्यांनाही तोच मार्ग सुचला. ‘अ‍ॅनाक्रॉन’ नावाची एक जोड व्यवस्था आहे. ती मिनिटाचा आग्रह धरत नाही. दिवसातून एकदा, आठवड्यातून एकदा एवढेच जाणते, आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की मागे राहिलेले पुरे करते. लिनक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘सिस्टिमडी’ नावाच्या व्यवस्थेचे टायमर असतात, तेही असे सांगता येतात. मात्र जगातली सर्वच कामे नित्यकर्मे नव्हेत. काही नैमित्तिक असतात, निमित्त घडले की करायची, आणि त्यांना तारखेचा नेम पुरत नाही. आपल्या उकाई धरणाची जलाशयपातळी पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती असावी, हे आधी आखलेले असते. पण तापीचे पाणी मुलताईपासून खानदेशभर कोठे किती पडले याचे निमित्त रोज वेगळे. ७ ते ९ ऑगस्ट २००६ या दिवसांत या शहराने जे पाणी पाहिले, त्यानंतर धरणातून पाणी आधी का सोडले नाही यावर बराच वाद झाला. त्या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. तारखेच्या रकान्याशेजारी पावसाकडे पाहणारे डोळे हवेत, एवढे मात्र त्या तीन दिवसांत आपल्या गच्च्यांवर अडकलेल्या कोणालाही कळले असेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

क्रॉनसारख्या पार्श्वभूमीवर जागणाऱ्या कार्यक्रमांना संगणकाच्या भाषेत ‘डीमन’ म्हणतात. ग्रीक पुराणातली ही अदृश्य, साहाय्यकारी शक्ती. मराठीत याला अगदी घरचा शब्द आहे तो कोकणातला : राखणदार. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याचे मोठमोठे जोडे वाहतात. तो रात्री गावाच्या शिवेवर फिरतो, गाव राखतो, आणि फिरून फिरून जोड्यांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा वाद बाजूला ठेवू. त्या जोड्यांमध्ये जी व्यवहारबुद्धी आहे तिच्याकडे माझे लक्ष आहे. राखणदार अदृश्य आहे, पण त्याचे जोडे दृश्य आहेत. तळ झिजला असेल तर तो फिरला. कोराच राहिला तर गावाला काळजी करायला जागा आहे.

क्रॉनच्या बाबतीत गोम नेमकी येथेच आहे. काम नीट पार पडले की ते बहुधा काहीच बोलत नाही. काम काही बोलले तर ते बोलणे नेमणूक करणाऱ्याच्या नावे टपालाने पाठवले जाते; आणि टपालाची सोय नसेल किंवा ते कोणी उघडत नसेल, तर तेही विरून जाते. म्हणजे शांततेचे दोन अर्थ होतात : सारे ठीक आहे, आणि सारे कधीच थांबले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंत भेद दिसत नाही.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले. ग्रंथालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्या गावात कवी नर्मदाने नर्मकोश सिद्ध केला आणि १८७३ साली तो प्रसिद्ध केला, त्या गावात राहून शब्द जमवण्याचा नाद न लागणे अवघड. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या कुटुंबांच्या तोंडची अहिराणी मी आणि काही विद्यार्थी टिपून घेत होतो. बारा-बारा तासांच्या पाळीवर मागाशी उभे राहणाऱ्यांचे शब्द, त्यांच्या आयांचे आणि आज्यांचे शब्द. घरच्या बोलीत गुजराती मिसळून जे रूप झाले तेही. आरंभी कागदी कार्डे होती, पुढे सारे थेट संगणकात भरले जाऊ लागले. ग्रंथालयातल्या एका हुशार तरुणाने रोज रात्री दोन वाजता त्या संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवण्याची नेमणूक करून ठेवली होती. ओळ निर्दोष होती. काही काळाने तो तरुण दुसऱ्या नोकरीवर गेला. पुढे दुसरी डिस्क भरली. त्यानंतरही क्रॉन रोज रात्री दोनला उठत होते, काम सोडत होते, काम जागा नाही म्हणून तक्रार करून मरत होते, आणि ती तक्रार त्या गेलेल्या तरुणाच्या नावे टपालात जमा होत होती. अकरा महिने हे असे चालले. त्या पावसाळ्यात विजेच्या एका झटक्यात मूळ डिस्क गेली. सर्वजण निश्चिंतपणे प्रतीकडे वळले, तर तिच्यावर अकरा महिन्यांपूर्वीची तारीख.

ते अकरा महिन्यांचे शब्द पुन्हा जमवायला आम्ही त्याच घरांत गेलो. बरेचसे मिळाले. पण ज्यांनी सर्वांत अधिक सांगितले होते, त्यांतल्या दोन वृद्धा तोपर्यंत वारल्या होत्या. जात्याशी आणि माहेराशी निगडित असा एक शब्दसमूह त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या तोंडी आम्हांला आढळला नाही. तो होता, एवढे मला आठवते. कसा होता ते नाही.

येथे दोष यंत्राचा नव्हे, आणि त्या तरुणाचाही नव्हे. नेमणूक होती, साक्ष नव्हती. आणि हे केवळ संगणकापुरते आहे असे कोणी समजू नये, कारण या शहराने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. त्यांत आपल्यापैकी पुष्कळ घरे होती. झाडलोट करणारी माणसे तत्पूर्वी नेमलेली नव्हती काय? होती. कचरा उचलण्याची खाती होती, हजेरीपत्रके होती. १९९५ साली एस. आर. राव आयुक्त म्हणून आले तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरीबाहेर काढून प्रत्यक्ष वस्त्यांत पाठवले, आणि काय पाहिले याची रोजच्या रोज बैठकीत विचारणा सुरू केली. पुढे दोनएक वर्षांत सुरतेची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली. यात इतरही कारणे होती, पैसा होता, कठोरपणा होता. पण झाडूची नेमणूक जुनीच होती आणि तिच्याकडे रोज पाहणारे डोळे नवे होते, हा माझा त्याबाबतचा अभिप्राय आहे.

संगणकावर हे डोळे कसे ठेवायचे? जाणकार सांगतात तो उपाय मला पसंत पडला, कारण तो वेतोबाच्या जोड्यांचाच आहे. काम बिघडले तर ओरडावे, एवढ्यावर विसंबू नये, कारण मेलेले काम ओरडत नाही. उलट प्रत्येक वेळी काम पुरे झाले की त्याने कोठेतरी एक खूण सोडावी, आणि दुसऱ्या कोणी, निराळ्या यंत्रावरून, ती खूण ताजी आहे ना एवढेच पाहावे. खूण शिळी झाली की मग हाक मारावी. आणि प्रत काढली म्हणजे काम झाले असे न मानता अधूनमधून त्या प्रतीतली एखादी वस्तू खरोखर उघडून पाहावी.

आणखी एक गोष्ट, आणि ती पूर्णपणे भाषेची आहे. क्रॉनच्या यादीत जी ओळ ‘#’ या चिन्हाने सुरू होते ती यंत्र वाचत नाही. ती केवळ माणसांसाठी असते. अनेक याद्यांत ही ओळ लिहिलेलीच नसते, आणि लिहिली तर तोडक्यामोडक्या इंग्रजीत. हल्लीच्या यंत्रांवर ती देवनागरीत लिहायला काही अडचण येत नाही. तेथे नेमणूक कशासाठी, कोणी केली, कधी केली, थांबली तर कोणाचे नुकसान होईल, हे लिहिता येते. आमच्या शब्दसंग्रहाची नेमणूक आता नव्या यंत्रावर आहे. तिच्या माथ्यावरच्या ओळी मीच लिहून दिल्या, आणि आपल्या विनंतीवरून त्या येथे वाचतो :

# अहिराणी शब्दसंग्रहाची प्रत. रोज रात्री २ वाजता, भारतीय प्रमाणवेळेने.
# प्रत दुसऱ्या इमारतीतल्या डिस्कवर जाते. जागा कमी पडल्यास काम थांबते.
# झाल्याची खूण ग्रंथपालांनी सकाळी पाहावी. ग्रंथपाल बदलल्यास ही ओळ बदलावी.
# दर सोमवारी प्रतीतले कोणतेही एक कार्ड उघडून मोठ्याने वाचावे.